संगमेश्वरचा कसबा : भरती, घाट आणि घरें

संगमेश्वर हें नांव कानीं पडलें कीं मराठी माणसाच्या मनांत एकच प्रसंग उभा राहतो. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या दिवशीं छत्रपति संभाजी महाराज येथें मोगलांच्या हातीं सांपडले. त्या एका दिवसाच्या दुःखानें या गांवाचें बाकीचें सारें पूर्ववृत्त झांकून टाकिलें आहे. शाळेच्या पुस्तकांत संगमेश्वर येतें तें तेवढ्या दिवसापुरतें, आणि पुढच्याच ओळींत कथा तुळापुराकडे निघून जाते. मोगलांचे स्वार निघून गेल्यावर जें गांव मागें राहिलें तें कसें होतें, तें कोणीं व कां वसविलें, त्यांतील माणसें कशा घरांत राहत, आणि चहूंकडे डोंगर असलेल्या या दरींत राज्याच्या धन्यानें मुक्काम करावा असें तेथें काय होतें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक त्या दिवसाचा खरा अर्थ समजण्यासही या प्रश्नांचीं उत्तरें हवीं आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जें संगमेश्वर लागतें, ती सोनवी नदीच्या कांठची बाजारपेठ आहे. इतिहासांतील संगमेश्वर तें नव्हे. हमरस्ता जेथें शास्त्री नदी ओलांडतो, त्या पुलापासून फांटा घेऊन थोडें आंत गेलें म्हणजे नदीच्या वळणावर, झाडींत दडलेली जी जुनी वस्ती दिसते, तिचें नांव कसबा. अलकनंदा आणि वरुणा या दोन प्रवाहांचा संगम तेथें आहे, संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे, आणि गांवाला नांव मिळालें तें त्या देवावरून. तालुक्याचें नांवही संगमेश्वरच. पण कचेरी मात्र देवरुखास. एकाच नांवाचीं अशीं तीन ठिकाणें कां झालीं, ह्या प्रश्नांतच कसब्याच्या उदयास्ताची सारी कथा सांठविलेली आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर मनानें दोन रेघा ओढाव्या. पहिली जयगडच्या खाडीच्या मुखापासून शास्त्रीच्या पात्रानें वर जाणारी. समुद्राचें पाणी भरतीच्या वेळीं या पात्रांतून सुमारें वीस मैल आंत चढे, आणि त्या पाण्यावर गलबतें वल्ह्याशिडांनीं वर येत. दुसरी रेघ सह्याद्रीच्या माथ्यावरून खालीं उतरणारी. आंबा, कुंडी यांसारख्या घाटवाटांनीं देशावरचें धान्य, गूळ व कापड बैलांच्या पाठीवरून कोंकणांत येई. या दोन रेघा एकमेकींस जेथें भेटतात तेथें बैलाची पाठ मोकळी होते आणि गलबताचें पोट भरतें. तेथें माल उतरविण्यास धक्का लागतो, ठेवण्यास वखार लागते, मोजण्यास मापारी लागतो, जकात घेण्यास सरकारचा माणूस लागतो, आणि या साऱ्यांना राहण्यास घरें लागतात. सावित्रीवरील महाड, वासिष्ठीवरील चिपळूण, अर्जुनेवरील राजापूर, विजयदुर्गाच्या खाडीवरील खारेपाटण हीं सारीं गांवें याच नियमानें वसलीं. कोंकणचीं जुनीं नगरें समुद्राच्या कांठीं फारशीं नव्हतीं. तीं भरतीच्या शेवटच्या पावलाशीं होतीं. समुद्रावरील चांच्यांपासून दूर, घाटाच्या पायथ्याशीं, आणि तरीही जलमार्गावर. शास्त्रीकांठचा हा मान संगमेश्वराला मिळाला.

गांवाची प्राचीनता सांगणारें एक संस्कृत माहात्म्य आहे. त्यांत या स्थळाचें नांव रामक्षेत्र असें असून येथील पहिलीं देवळें परशुरामानें बांधलीं असें म्हटलें आहे. पुढें कर्ण नांवाचा चालुक्य राजा करवीराहून, म्हणजे कोल्हापुराहून, येथें आला. त्यानें गड, वाडे आणि देवळें बांधून नगर वसविलें, अशीही कथा आहे. माहात्म्यांतील हकीकत इतिहास म्हणून जशीच्या तशी घेतां येत नाहीं. परंतु कर्णेश्वराचें देऊळ प्रत्यक्ष उभें आहे, आणि त्याची बांधणी पाहतां तें अकराव्या-बाराव्या शतकांतील असावें असें मानितात. मुखमंडप, सभामंडप व गाभारा अशी त्याची रचना असून खांब, तुळया व छत यांवर दाट कोरीव काम आहे. आवारांत सूर्यनारायणाचेंही देऊळ आहे, आणि आसपास अनेक लहान देवळांचे अवशेष झाडाझुडपांत विखुरलेले आहेत. एवढीं देवळें बांधविणारी वस्ती दरिद्री नसावी, हें उघड आहे. आणि कोल्हापूरच्या राजानें येथें येऊन नगर वसविलें या कथेंत राजाचें नांव खरें असो वा नसो, घाट उतरून येणारी वाट मात्र खरी आहे. लोककथेनें ती वाट राजाच्या रूपानें लक्षांत ठेविली एवढेंच.

इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत आणखी एक गोष्ट लिहिलेली आढळते, ती अशी कीं लिंगायत पंथाचे प्रवर्तक बसवेश्वर बाराव्या शतकांत दीर्घकाळ येथें राहत होते. हा केवळ नामसादृश्यानें झालेला घोंटाळा आहे. बसवेश्वरांच्या चरित्रांतील संगमेश्वर म्हणजे कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरील, कर्नाटकांतील कूडलसंगमाचा देव. कोंकणांतील या गांवाला त्या उसन्या मोठेपणाची गरज नाहीं.

पंधराव्या शतकांत संगमेश्वराचें नांव राजकारणांत ठळकपणें येतें. त्या वेळीं हा मुलूख स्थानिक रायांच्या ताब्यांत होता. खेळणा, म्हणजे पुढचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राय बहामनी सुलतानांना जुमानीत नसत. त्यांच्या जहाजांचा समुद्रावरील व्यापाऱ्यांना व यात्रेकरूंना उपद्रव होई, अशी बहामनी लेखकांची तक्रार होती. शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याची फौज याच जंगलांत अडकून नाश पावली. तो डाग धुऊन काढण्याचें काम पुढें वजीर महमूद गावान याच्याकडे आलें. इ. स. १४६९ पासून तीन पावसाळे तो या डोंगरांत झगडत राहिला. संगमेश्वर शरण आल्यावरच १४७२ त त्याला गोव्यापर्यंत पोंचतां आलें. गोव्यासारख्या बंदराची वाट या दरीवरून जात होती, यावरून तिचें महत्त्व ध्यानांत येईल.

मुसलमानी अमलांत गांवाला कसबा ही संज्ञा मिळाली. कसबा हा अरबी शब्द आहे. ज्या गांवीं परगण्याची वा तर्फेची कचेरी, बाजार आणि कसबी लोकांची वस्ती, तो कसबा. पुण्याची कसबा पेठही याच अर्थानें त्या शहराचें मूळ ठाणें होय. संगमेश्वरच्या कसब्यांत सरदेसाईंसारखे वतनदार आले, ब्राह्मण, वाणी, सोनार, कासार, कुंभार, सुतार आले, आणि कोंकणी मुसलमानांचे मोहल्लेही वसले. एका बाजूस देवळांचीं शिखरें आणि दुसऱ्या बाजूस मशीद, मधून पेठेचा रस्ता, आणि सर्वांच्या खालीं तोच एक नदीचा घाट, असें त्या वस्तीचें स्वरूप बनलें.

शिवाजी महाराजांच्या काळांतील एक प्रसंग येथें सांगण्यासारखा आहे. इ. स. १६६१ त महाराजांनीं कोंकणांत स्वारी केली तेव्हां राजापुराकडे जातांना त्यांनीं संगमेश्वरीं फौज ठेविली. तिच्यावर तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठराव हे सरदार होते. जवळच्या शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्वे यानें विजापूरकरांच्या चिथावणीनें या फौजेवर रात्रीं एकाएकीं छापा घातला. कवींद्र परमानंदानें आपल्या शिवभारत काव्यांत याचें वर्णन केलें आहे. पिलाजीचा धीर सुटून तो पळूं लागला, तेव्हां तानाजीनें त्याला ओढून आणून एका दगडाशीं बांधून ठेविलें आणि आपण लढत राहून हल्ला परतविला. पुढें महाराजांनीं शृंगारपूर घेतलें, आणि संगमेश्वर स्वराज्यांत पक्कें झालें.

आतां १६८९ चा प्रसंग. शृंगारपूर हें महाराणी येसूबाईंचें माहेर. युवराज असतांना संभाजी महाराज तेथें कांहीं काळ राहिले होते. म्हणजे ही दरी त्यांना परकी नव्हती. विशाळगडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर संगमेश्वर पडतें, हें दुसरें कारण. परंतु तिसरें कारण औरंगजेबाच्या दरबारीं इतिहासांत, मआसिर-इ-आलमगिरींत, नमूद आहे, आणि वास्तुशास्त्राच्या दृष्टीनें तेंच अधिक मोलाचें आहे. त्या ग्रंथाप्रमाणें कवि कलशानें संगमेश्वरीं उंच इमारती उठविल्या होत्या आणि बागा लावल्या होत्या. शत्रूच्या लेखकानें जातां जातां लिहिलेल्या या एका वाक्यानें सतराव्या शतकांतील कसब्याचें चित्र क्षणभर उजळून निघतें. हें केवळ गलबतांचें ठाणें राहिलें नव्हतें. राज्याच्या कारभाऱ्यांनीं हौसेनें घरें बांधावींत अशी ती वस्ती झाली होती.

मुकर्रबखान त्या वेळीं कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूस होता. बातमी लागतांच त्यानें निवडक स्वार घेऊन घाट उतरला. तें अंतर मोगलांच्या हिशेबानें पंचेचाळीस कोसांचें. दाट रान, अवघड उतार आणि अरुंद वाटा यांमुळें शत्रु येथवर येऊंच शकणार नाहीं असा भरंवसा गांवाला होता. तो भरंवसा त्या दिवशीं फोल ठरला. म्हाळोजी घोरपडे लढतां लढतां पडले. महाराज आणि कवि कलश पकडले गेले, आणि पुढें ११ मार्च १६८९ रोजीं त्यांचा क्रूर वध झाला. ज्या घाटवाटेनें शतकानुशतकें संगमेश्वराला धान्य आणि संपत्ति दिली, त्याच दिशेनें त्याच्यावर हा घाला आला. कसब्यांतील सरदेसाईंचा वाडा या घटनेशीं संबद्ध म्हणून परंपरेनें दाखविला जातो.

राजकीय इतिहास येथें थांबवून आतां त्या घरांकडे वळलें पाहिजे. कारण वस्तीचा खरा इतिहास घरांतच लिहिलेला असतो. कसब्यांत फिरतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. देवाचें घर काळ्या दगडाचें आहे, माणसाचें तांबड्या. काळा पाषाण कठीण; त्याला घडविण्यास पाथरवटाची टांकी आणि राजाची तिजोरी हवी. जांभा मात्र सड्यावर पायाखालींच असतो. खाणींतून नुकता काढलेला जांभा इतका मऊ असतो कीं कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें त्याचे चिरे तासतां येतात, आणि वारा-ऊन लागलें म्हणजे तो हळूहळू कठीण होतो. इ. स. १८०७ त फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश शोधकानें मलबारांतील अशाच दगडाचें वर्णन करून त्याला विटेच्या लॅटिन नांवावरून लॅटराइट हें नांव दिलें. कोंकणांतल्या गवंड्याला त्याची ओळख त्याच्या कितीतरी शतकें आधीं पटलेली होती.

या घरांचा खरा शिल्पकार पाऊस होय. येथें वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. म्हणून घर प्रथम जमिनीपासून उचललें जातें. जांभ्याच्या चिऱ्यांचें उंच जोतें, त्यावर लांकडी खांब, खांबांवर तुळया, आणि त्या साऱ्यांवर दोन्हीं बाजूंस खूप खालपर्यंत उतरणारें छप्पर. छपराच्या वळचणी भिंतींपुढें इतक्या येतात कीं बाहेरून पाहतां घर म्हणजे जोत्यावर ठेविलेलें एक मोठें छप्परच वाटतें. भिंत पावसाला भेटूं नये हाच त्यांतील हेतु. जेथें वाऱ्याचा मारा अधिक, त्या बाजूस पावसाळ्यांत नारळीच्या झापांचे तट्टे बांधून भिंतीला जणूं पांघरूण घालितात. खांबा-तुळयांस साग, फणस, ऐन, किंजळ हीं लांकडें वापरीत. आणि लांकूड कोठलें कोठें घालावें, ओल सोसणारें कोणतें आणि भार सोसणारें कोणतें, हें सुताराला तोंडपाठ असे.

देशावरील वाडा आणि कोंकणांतील घर यांची तुलना येथें उद्बोधक होते. पुण्याचा वाडा बाहेरून भिंतीआड राहतो आणि आंतल्या चौकाकडे तोंड करतो. उजेड, वारा, बायकांची कामें, मुलांचे खेळ सारें त्या चौकांत. कोंकणांत असा आंतला चौक म्हणजे घराच्या मध्यभागीं पाण्याचें डबकें! मोठ्या वतनदारांनीं मानाखातर चौकी वाडे बांधले नाहींत असें नव्हे. परंतु सामान्य घराचें अंगण घराच्या आंत नसून पुढें असतें. त्याला खळें म्हणतात. पावसाळा संपला कीं तें चोपून, शेणानें सारवून, वर मांडव घालून तयार होतें. भात झोडणें, सुपारी वाळविणें, लग्न-मुंजी, कीर्तन, गांवकीची बैठक या साऱ्यांची जागा तीच. आठ महिने ती घराची सर्वांत मोठी खोली असते, आणि चार महिने ती पावसाची असते.

खळ्यांतून पायऱ्या चढून पडवी, तेथून ओटी, ओटीवरून माजघर, माजघरामागें स्वयंपाकघर, त्यामागें मागील पडवी, न्हाणी, विहीर आणि शेवटीं परसू, असा घराचा क्रम असतो. हा क्रम नुसत्या खोल्यांचा नव्हे, तो ओळखीचा क्रम आहे. गडीमाणूस, वाटसरू यांची जागा पडवीवर, पाहुण्याची, व्यापाऱ्याची, कारकुनाची ओटीवर, आप्ताची माजघरांत. ओटी पडवीहून हातभर उंच, माजघराचा उंबरठा त्याहून उंच आणि दार त्याहून ठेंगणें, म्हणजे आंत जाणाऱ्यानें वांकावेंच. कोण कोठपर्यंत येणार हें कोणाला तोंडानें सांगावें लागत नसे, तें घरच सांगे. या व्यवस्थेंत सोय होती तशी कठोरताही होती. जातिभेदाच्या आणि स्त्रियांवरील बंधनांच्या रेषा याच उंबरठ्यांवर आंखलेल्या होत्या. माजघरांतील अंधार गारव्यासाठीं होता हें खरें. पण त्या अंधारांत किती पिढ्यांतील बायकांचे दिवस गेले, हेंही त्याच वास्तूचें सत्य आहे.

पेठेंतील घर मात्र निराळें. तेथें खळ्याला जागा नाहीं. घराला घर लागून असतें. रस्त्याकडची ओटी हेंच दुकान. रात्रीं उभ्या फळ्या खांचेंत बसवून तें बंद करावयाचें, सकाळीं त्या काढल्या कीं ओटी आणि रस्ता एक झाले. दुकानामागें राहतें घर, वर मालाचा माळा. वाण्याची पेढी आणि मुसलमान व्यापाऱ्याचें दुकान यांच्या ओट्या एकाच उंचीच्या, छपरें एकाच उताराचीं. मोहल्ल्यांतील घरांतही पडवी, ओटी, माजघर हीच मांडणी थोड्या फरकानें आढळते. कारण पाऊस सर्वांना सारखाच होता, आणि जांभाही एकाच सड्यावरचा.

आणि या सर्वांना जोडणाऱ्या पाखाड्या! जांभ्याचे चिरे बसवून केलेल्या या पायऱ्यांच्या वाटा नदीच्या घाटापासून पेठेकडे, पेठेपासून आळ्यांकडे, आळ्यांतून वर सड्याकडे चढत जातात. दोन्हीं बाजूंस चुन्यावांचून रचलेले गडगे, त्यांवर पावसाळ्यांत शेवाळ आणि नेचे. उतार असा ठेविलेला कीं पाणी पायरीवर न सांचतां बाजूच्या चरानें खालीं जावें. पाखाडी ही एकाच वेळीं वाट आणि गटार अशा दोन्हीं कामांची सोय आहे. भरतीच्या वेळीं गलबत लागलें म्हणजे हमालांच्या खांद्यांवरून माल याच वाटांनीं वर जाई. पायऱ्यांचे झिजलेले मध्यभाग हा त्या व्यापाराचा जमाखर्च आहे, आणि तो कोणत्याही वहीपेक्षां अधिक टिकला आहे.

येथें एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष दिलें पाहिजे. अमका वाडा तीनशें वर्षांचा आहे काय, असा प्रश्न लोक विचारतात. कोंकणांतील घराला हा प्रश्न सरळपणें लागू पडत नाहीं. छपरावरचें गवत दरवर्षीं, नळीचीं कौलें वरचेवर, वासे एकदोन पिढ्यांनीं, खांब चारपांच पिढ्यांनीं बदलत जातात. इ. स. १८६५ त बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यावर हळूहळू त्या चपट्या कौलांनीं गांवच्या कुंभाराचीं नळीचीं कौलें मागें सारलीं, आणि त्यांबरोबर छपरांचा उतार व वाशांची मांडणीही बदलली. म्हणजे घर जिवंत शरीरासारखें आपले पेशी बदलीत राहतें. बदलत नाहीं तें जोतें. वरचें घर आगीनें वा पुरानें गेलें तरी त्याच जोत्यावर पुढची पिढी नवें घर उभारते. म्हणून जोतें, पाखाडी, विहीर आणि गडगा हेच कसब्याचे खरे दस्तऐवज आहेत. लांकडापेक्षां त्यांचें वय मोठें असतें. आणि दुर्दैव असें कीं नवीन बांधकामाच्या वेळीं सर्वांत आधीं उखडलीं जातात तींच.

कसब्याला उतरती कळा लागली ती लढाईनें नव्हे. १६८९ नंतरही तो नांदत होता. त्याला मारलें तें गाळानें. डोंगरांवरील रान तुटत गेलें, उतार नांगरले गेले, आणि दर पावसाळ्यांत माती वाहून नदीच्या पात्रांत बसूं लागली. एकोणिसाव्या शतकांत हा गाळ इतका वाढला कीं मोठीं गलबतें पूर्वीप्रमाणें गांवच्या धक्क्यास लागेनातशीं झालीं. इंग्रज सरकारनें गाडीरस्ते बांधले तेव्हां बैलांचे तांडे संपले. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत तालुक्याची कचेरी देवरुखास गेली. पुढें हमरस्ता झाला तो कसब्यास बगल देऊन. बाजार उठून त्याच्या कडेला जाऊन बसला. २६ जानेवारी १९९८ पासून कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. तिच्या स्थानकाचें नांवही संगमेश्वर रोड, म्हणजे संगमेश्वरास जाण्याची वाट. प्रत्येक नव्या मार्गानें नांव तेवढें घेतलें आणि वस्ती मागें ठेविली. तीन संगमेश्वरें झालीं तीं अशीं.

मार्ग तुटलेल्या गांवांतील माणूस मुंबईस गेला. गिरणी, गोदी, कचेरी यांनीं कोंकणांतील घरांतून एकेक कर्ता पुरुष उचलला. घर गणपतीपुरतें आणि शिमग्यापुरतें उघडूं लागलें. जांभ्या-लांकडाच्या घराला मात्र कुलूप सोसत नाहीं. पावसापूर्वीं छप्पर शाकारलें नाहीं आणि एखादें कौल फुटलें, तर त्या भोंकांतून वाशाला पाणी लागतें; वासा कुजला कीं तुळई, तुळई गेली कीं भिंतीचें डोकें उघडें पडतें, आणि मग मातींत बसविलेले चिरे कांहीं पावसाळ्यांत सुटूं लागतात. शंभर वर्षें उभें राहिलेलें घर दहा वर्षांच्या गैरहजेरीनें बसतें. त्यांत हिस्सेदार अनेक, दुरुस्तीचा खर्च मोठा, आणि जुन्या पद्धतीचें काम जाणणारे सुतार विरळ. अशा वेळीं मालकानें जुनें पाडून सिमेंटचें घर बांधलें, तर त्याला दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. वारशाचा अभिमान साऱ्या महाराष्ट्रानें बाळगावा आणि छपराचा खर्च एकट्या घरमालकानें सोसावा, ही वांटणी बरोबर नव्हे.

२०२५ सालच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्र राज्याच्या अर्थसंकल्पांत संगमेश्वर येथें छत्रपति संभाजी महाराजांचें भव्य स्मारक उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षीं महाराजांच्या जीवनावरील चित्रपट गाजला, आणि ज्यांनीं हें नांव केवळ पुस्तकांत वाचलें होतें असे असंख्य लोक कसब्याची वाट विचारूं लागले. साडेतीन शतकांनंतर या गांवाकडे पुन्हां एक मोठा रस्ता वळला आहे. तो रस्ता गांवाला काय देणार, हाच आजचा प्रश्न आहे. स्मारक या शब्दानें उंच चौथरा, पुतळा आणि वाहनतळ एवढेंच डोळ्यांपुढें येत असेल, तर त्या चौथऱ्याखालीं एखादें जुनें जोतें आणि त्या वाहनतळाखालीं एखादी पाखाडी जाण्याचें भय खरें आहे. ज्या वस्तीनें महाराजांना आसरा दिला ती पुसून तिच्या जागीं तिची आठवण उभी करणें यासारखा विपर्यास दुसरा नाहीं.

वस्तीचीच स्मृति जतन करण्याचे मार्ग अन्यत्र सांपडले आहेत. अहमदाबादच्या तटबंद शहरांतील पोळी, म्हणजे लांकडी घरांच्या बंदिस्त गल्ल्या, राहत्या स्थितींतच मोलाच्या मानल्या गेल्या, आणि २०१७ त त्या शहराची गणना जागतिक वारशांत झाली. पणजींतील फोंतेन्याश हा जुना मोहल्ला त्याच्या रंगीत घरांसह आणि अरुंद रस्त्यांसह जपला जातो. घरांत माणसें राहतात, आणि तीं राहतात म्हणूनच घरेंही राहतात. संगमेश्वराला हेंच करतां येण्याजोगें आहे. प्रत्येक जुन्या घराचा नकाशा मोजून काढणें, जोतीं व पाखाड्या यांची नोंद करणें, शाकारणीस व खांब बदलण्यास घरमालकांना साह्य देणें, गांवच्या मुलांना जांभ्याचें व लांकडाचें काम शिकविणें, आणि नव्या घरांची उंची व छपराचा उतार जुन्याशीं जुळेल असा ठेवणें, या कामांत पुतळ्याइतका गाजावाजा नाहीं आणि खर्चही तितका नाहीं. मशीद, देऊळ, पेठ आणि घाट यांपैकीं एकच निवडून बाकीच्यांकडे पाठ फिरविणेंही योग्य होणार नाहीं. कारण कसबा घडला तो त्या सर्वांच्या एकत्र नांदण्यानें.

राजे आणि सेनापति यांच्या इतिहासाला तारखा असतात. वस्तीच्या इतिहासाला सवयी असतात. भरतीची वेळ पाहून धक्क्यावर जाणें, पावसाआधीं छप्पर शाकारणें, दिवाळीच्या सुमारास खळें चोपणें, उन्हाळ्यांत विहीर उपसणें या सवयींनीं संगमेश्वर कित्येक शतकें उभें राहिलें. शास्त्रीचें पात्र पुन्हां गलबतांनीं भरणें आतां शक्य नाहीं. परंतु ज्या जोत्यांवर एकदां एवढें मोठें जीवन उभें होतें, त्यांवर पुन्हां छप्पर चढविणें आणि त्याखालीं दिवा लावणारीं माणसें राहतील अशी तजवीज करणें अजून हातांतलें आहे. आणि एका फुटक्या कौलाची दुरुस्ती जितकी पावसापूर्वीं सोपी असते, तितकी ती पावसानंतर राहत नाहीं.